फौज यावी का

वरच्या खोलीसाठी तो विचारायला आला, तेव्हा त्याला परभणीत बऱ्याच जणांचं नाही म्हणून झालं होतं. सुदानचा मुलगा. कृषी विद्यापीठात ज्वारीवर पीएचडी करायला आलेला. उंच, शिडशिडीत, तिशीच्या अलीकडचा. होस्टेलचं जेवण त्याला मानवेना आणि गावात खोली कुणी देईना. माझ्या ओळखीच्या एका प्राध्यापकबाईंनी माझ्याकडे शब्द टाकला. मी एका शाळेतून निवृत्त झालेली बाई. नवरा गेल्यावर वडिलांकडेच राहत होते. घर वडिलांचं, तेव्हा शब्दही त्यांचाच. आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो.

आम्ही लिंगायत. अप्पांची इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय घरात चहासुद्धा होत नसे. मला वाटलं, अप्पा नको म्हणतील. त्यांनी त्या मुलाला समोर बसवून एवढंच विचारलं की तुमच्याकडं जेवायला काय असतं. तो म्हणाला, ज्वारी. अप्पांनी माझ्याकडे बघून मान हलवली आणि खोली ठरली.

त्याच्या देशातली भाकरी वेगळी. ज्वारीचं पीठ तो रात्रभर आंबवायचा आणि सकाळी आमच्याच तव्यावर ते कागदासारखं पातळ पसरायचा. किसरा म्हणतात त्याला. अप्पांचे दात गेलेले, त्यांना आमची भाकरी दुधात कुसकरून खावी लागे. किसरा त्यांना इतका आवडला की सुट्टीच्या दिवशी ते आंघोळ करून त्याच्या जिन्याकडे कान लावून बसायचे.

संध्याकाळी दोघं ओट्यावर बसत. अप्पांची पहिली-दुसरी निजामाच्या राज्यात उर्दूत झाली होती, आणि मुलाची भाषा अरबी. दोघांनी एक खेळ काढला होता. अप्पा म्हणायचे, किताब; तो म्हणायचा, किताब. कलम, दुकान, खबर, सवाल. साबण म्हटलं की तो साबून म्हणायचा आणि अप्पा लहान पोरासारखे हसायचे. मराठी तो आमच्या गल्लीत शिकला, त्यामुळे ती पुस्तकातली नव्हती. सकाळी सायकल काढताना मला हाक मारून सांगायचा, "ताई, मी विद्यापीठात जायलाय."

त्याचं शहर दारफूरमध्ये होतं. लहानपणी त्याचं खेडं जाळलं गेलं, वडील तेव्हाच मारले गेले, आणि आईनं पोरांना घेऊन शहर गाठलं होतं. आता त्या शहराला बंदूकवाल्यांनी वेढा घातला होता. आत त्याची आई होती आणि धाकटी बहीण. एका शेजाऱ्याकडे उपग्रहावरून चालणारं इंटरनेट होतं, तिथं रांग लावून आई अधूनमधून फोन करायची. तो फोन घेऊन अंगणात यायचा, कारण वर रेंज नीट नसायची. एकदा त्यानं फोन अप्पांच्या हातात दिला. आईनं काहीतरी विचारलं, त्यातला 'हाल' हा शब्द अप्पांनी पकडला आणि म्हणाले, "हाल चांगला हाय, बाई. तुमचा?" पलीकडे ती बाई खूप वेळ बोलत राहिली. अप्पांना एक अक्षर कळलं नाही, पण ते शेवटपर्यंत हुंकार देत राहिले.

पुढं ते फोन कमी झाले. एका फोननंतर तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला आणि मला विचारू लागला की शेंगदाण्याचं तेल काढून जे उरतं त्याला मराठीत काय म्हणतात. मी म्हणाले, पेंड. तो म्हणाला, आई आणि बहीण आता तेच खातात; शहरात दुसरं काही राहिलं नाही. आमच्याकडे पेंड म्हशीला घालतात. मी हातातली भाकरी तव्यावर टाकायची विसरले. अप्पांनी त्या दिवशी जेवण केलं नाही. तब्येत बरी नाही म्हणाले.

त्याच सुमारास गावातल्या एका वाचनालयाची व्याख्यानमाला होती. शेवटच्या दिवशी परिसंवाद ठेवायची त्यांची रीत. जगभरच्या बातम्या बघून कुणीतरी विषय सुचवला होता: परक्या देशात माणसांची कत्तल चालली असेल तर इतर देशांनी फौज पाठवून ती थांबवावी का. बाजूनं बोलायला झरी गावचे एक निवृत्त सुभेदार होते, एकाहत्तरच्या लढाईत पूर्वेकडे गेलेले. विरोधात बोलायला अप्पांना विचारलं. अप्पा आयुष्यभर इतिहासाचे मास्तर होते, वय पंचाऐंशीच्या घरात, पण आवाज खणखणीत. त्यांनी होकार दिला.

मला वाटलं होतं ते नाही म्हणतील, निदान बाजू तरी बदलून मागतील. मी त्यांना खोलीत जाऊन विचारलं, "अप्पा, तो पण येणार आहे ऐकायला. त्याच्यासमोर बोलणार हे?"

"मग काय त्याच्यासमोर खोटं बोलू?"

"गप्प बसता येतं."

अप्पांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "लय वर्षं गप्पच बसलो, बाई." त्यांना काय म्हणायचं होतं ते मला तेव्हा कळलं नाही.

सभागृहाच्या पायऱ्या त्यानंच अप्पांना हाताला धरून चढवल्या. मंचावर नेऊन बसवलं, पाण्याची बाटली उघडून समोर ठेवली आणि माझ्याशेजारी पहिल्या रांगेत येऊन बसला. हॉल भरला होता. वकील होते, व्यापारी होते, कॉलेजची पोरं, पेन्शनर.

सुभेदार आधी बोलले. उभे राहिले ते थेट सावधान. त्यांनी सांगितलं की सरहद्द ओलांडून ते एका खेड्यात शिरले तेव्हा तिथं घरं नव्हती, नुसती राख होती. एक म्हातारी राखेत बसलेली. ती उठली आणि त्यांची बाही धरून ओरडून काही बोलू लागली. बंगाली त्यांना येत नव्हतं. त्यातला एकच शब्द समजला, कारण तो हिंदीतही आहे. देरी.

"मास्तर आता फौजेचे दोष सांगतील," सुभेदार म्हणाले. "सांगू द्या. मी फौजेत होतो, मला ते त्यांच्यापेक्षा जास्त माहीत हायत. पण आमी गेलो याची लाज मला कधी वाटली न्हाई. उशिरा गेलो याची वाटते. आज बी वाटते."

टाळ्या पडल्या, पण जेमतेम. मग अप्पा उठले.

सुरुवातीला ते मास्तरांसारखे बोलले. कोणता देश कुठं गेला, वाचवायला म्हणून गेला आणि तेलासाठी तिथंच कसा ठाण मांडून बसला, असं. मग मध्येच थांबले, मंचाची कड धरली, आणि आमच्या मूळ गावाबद्दल बोलू लागले. आमचं गाव जिंतूर तालुक्यातलं, बोरीच्या पुढचं. रझाकार तिथं आले होते आणि आमची माणसं वऱ्हाडात पळाली होती, एवढं मला माहीत होतं. त्यापुढचं मी त्या हॉलमध्ये, तीनेकशे लोकांबरोबर, पहिल्यांदा ऐकलं.

रझाकारांनी अप्पांच्या चुलत्याला वेशीतच मारलं. अप्पांची आई लेकरांना घेऊन पळाली ती शेजारच्या पिंजाऱ्याच्या घरात शिरली. घर मुसलमानाचं. पिंजाऱ्याच्या बायकोनं आईला आणि लेकरांना पिंजलेल्या कापसाच्या ढिगात दडवलं आणि स्वतः दारात उभी राहून आलेल्यांना सांगितलं की इथं कुणी नाही. कापूस नाकातोंडात जात होता, तरी अप्पा खोकले नाहीत. दुसऱ्या दिवशी तिच्याच नवऱ्यानं बैलगाडीत कापसाच्या बोझ्याखाली घालून त्यांना हद्दीपलीकडे पोचवलं. काही महिन्यांनी पोलीस ॲक्शन झाली. हिंदुस्थानची फौज आली, निजाम शरण गेला, आमची माणसं परत आली. अप्पा पहिले पळाले ते पिंजाऱ्याच्या घराकडे. घर जळालेलं होतं. पिंजारी, त्याची बायको आणि त्यांच्या दोन लेकी गावाच्या आडात होत्या. त्या मुली अप्पांबरोबर खेळायच्या.

"मारणारे फौजेतले नव्हते," अप्पा म्हणाले. "आमच्याच गावचे होते. ज्यांची घरं रझाकारांनी जाळली होती, ते. फौज पुढच्या गावाला निघून गेली होती. फौज आली म्हणून मी हिथं उभा हाय. आन् फौज आली म्हणून ती बाई आडात गेली. कुणाला वाचवायला निघालात ते निघताना कळतं. कुणाला मारून येणार, ते कळत न्हाई. म्हणून मी म्हणतो, पाठवू नका."

 हॉलमध्ये टाळ्या सुरू झाल्या आणि थांबेचनात. मागचे लोक उभे राहिले. अध्यक्षांनी उत्साहात हात वर करून मत द्यायला सांगितलं. फौज पाठवावी म्हणून थोडेच हात वर झाले. पाठवू नये म्हणून जवळजवळ सगळा हॉल. काहींनी बसल्या जागेवरून आपली कारणं सांगितली. एक म्हणाला, आपली पोरं दुसऱ्यांच्या भांडणात कशाला मारायची. दुसरा म्हणाला, त्या देशात काय आहे आपलं. कारणं अप्पांची नव्हती, पण हात त्यांच्याच बाजूनं वर होते. अप्पा त्या हातांकडे बघत होते आणि त्यांचा चेहरा उतरत चालला होता.

मग अध्यक्षांची नजर माझ्या शेजारी गेली. आपल्यात एक परदेशी पाहुणे आहेत, ते म्हणाले, त्यांनीही दोन शब्द बोलावेत. मी मानेनं नको म्हणून खुणावलं, पण तोवर कुणीतरी माईक त्याच्या हातात दिला होता. तो उभा राहिला. त्याच्या मराठीला काहीजण आधीच कौतुकानं हसले.

"मला भाषण येत न्हाई," तो म्हणाला. "सुभेदार बोलले ते खरं हाय. अप्पा बोलले ते बी खरं हाय. माझी आई तिथं हाय. ती फोनवर विचारते, कुणी यायलाय का? मी सांगतो, यायलेत, आई, यायलेत. आता काय सांगू, तेवढं मला कळंना."

आणि तो बसला. त्याला टाळ्या पडल्या नाहीत. आभारप्रदर्शन झालं आणि बाहेर पोहे नि चहा होता. लोक बशा हातात घेऊन आमच्याकडे बघत होते. मंचावरून उतरताना अप्पांनी हात पुढं केला, तो त्यानं नेहमीसारखा धरला आणि अप्पांना एकेक पायरी सांभाळून उतरवलं.

पुढचे काही दिवस अप्पांचं भाषण गावात फिरत राहिलं. कुणीतरी मोबाइलवर घेतलं होतं. पण ते अख्खं कुणी पाठवत नव्हतं. काही जण फक्त रझाकारांचा भाग पाठवायचे, काही जण फक्त आडाचा. एका गटात लिहून आलं की मास्तरांनी बरं सुनावलं. दुसऱ्यात आलं की म्हातारा विकला गेला. दोन्हीकडचे लोक घरी येऊन अप्पांचे पाय धरून गेले. अप्पा दार लावून घेऊ लागले.

तो रागावला नव्हता. किसरा करायचा, अप्पांची वाटी खाली आणून ठेवायचा. पण संध्याकाळी ओट्यावर येईना. प्रयोगशाळेत काम आहे म्हणायचा. अप्पा ओट्यावर एकटे बसायचे. मी जाऊन बसले तर म्हणायचे, तू तुझं काम कर.

मग त्याचं शहर बंदूकवाल्यांच्या हाती पडलं. टीव्हीवर दोन मिनिटं बातमी आली आणि गेली. फोन लागेना. तो दिवसभर जिन्याच्या पायरीवर मोबाइल हातात धरून बसायचा. जेवायला बोलावलं तर यायचा, ताटासमोर बसायचा आणि तसाच उठायचा. माझ्या मैत्रिणी विचारायच्या, लागला का फोन. मी विषय बदलायची.

खबर आली ती एका चुलत भावाच्या आवाजात, मोबाइलवर, भर दुपारी. ती ऐकून त्यानं मला सांगितली, अगदी सावकाश, शब्द शोधून शोधून. शहर पडलं त्या दिवशी लोक पायी बाहेर निघाले होते. आईच्या अंगात चालायचं बळ नव्हतं. ती रस्त्याच्या कडेला बसली आणि लेकीला म्हणाली, तू हो पुढं, मी येते. बहीण पोचली, एका छावणीत होती. मागून येणाऱ्यांनी सांगितलं की त्या रस्त्यावर बसलेल्यांपैकी कुणालाही सोडलं नव्हतं.

एवढं सांगून तो वर गेला. मी अप्पांना सांगायला आत गेले. त्यांनी ऐकलं आणि उठून जिन्याकडे निघाले. कित्येक वर्षांत ते वर गेले नव्हते, गुडघे साथ देत नव्हते. मी धरायला गेले तर त्यांनी माझा हात बाजूला केला. एकेका पायरीवर हात टेकत, बसत, पुन्हा उठत ते चढले. मी मागं होते, पडले तर म्हणून.

तो खाटेवर बसला होता. अप्पा त्याच्याशेजारी बसले. त्यांना धाप लागली होती. मग त्यांनी विचारलं, "माझा राग आला का तुला?"

 तो म्हणाला, "तुमी मला घरी सांगायचं होतं, अप्पा. आपण रोज संध्याकाळी बसत होतो. त्या बाईचं मला सांगायचं होतं. मी ऐकलं असतं. तिथं लोकांनी टाळ्या वाजवल्या."

अप्पा मान खाली घालून बसले. "घरी कुणालाच सांगता आलं न्हाई," ते म्हणाले. "हिला बी न्हाई. हिच्या मायला बी न्हाई. घरी सांगायचं तर रडू आलं असतं." आणि मग ते रडले. माझी आई गेली तेव्हाही मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं. तो रडला नाही. त्यानं अप्पांच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तसाच भिंतीकडे बघत राहिला.

सुभेदार भेटायला आले. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. आत येऊन आधी मुलाला भेटले, त्याचे दोन्ही हात हातात धरून उभे राहिले, आणि मग अप्पांसमोर बसले. मला भीती होती की पुन्हा तोच विषय निघेल. निघालाच, पण उलटा. सुभेदार म्हणाले, "मास्तर, आपल्या सभेनं काय बदलणार होतं? आन् फौज गेली असती तरी तिच्यापर्यंत पोचली असती का, कोण सांगणार."

"पोचली असती," अप्पा म्हणाले. "एक जण तरी पोचला असता."

"तुमीच म्हणला होतात, पाठवू नका."

"म्हणलो होतो."

 चहा निवला. जाताना सुभेदारांनी वाकून अप्पांच्या पायाला हात लावला. पुढं ते अधूनमधून येत राहिले. कधी शेतातला हुरडा घेऊन यायचे, कधी नुसतेच. दोघं येलदरी धरणाच्या पाण्याबद्दल बोलायचे, गुडघ्यांबद्दल बोलायचे.

त्याचं पीएचडीचं काम संपत आलं होतं, पण तो थांबला नाही. बहीण एकटी होती. विद्यापीठातल्या मुलांनी तिकिटाची सोय केली. आम्ही स्टेशनवर गेलो. अप्पा हट्टानं आले, चाकांच्या खुर्चीत बसून. गाडी आल्यावर त्यांनी त्याला जवळ ओढलं, त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि खूप वेळ काढलाच नाही. शेवटी मलाच म्हणावं लागलं, अप्पा, गाडी सुटेल. डब्याच्या दारातून तो आमच्याकडे बघत होता. हात मात्र हलवला नाही.

तो छावणीत पोचल्याचा निरोप आला. बहीण भेटली होती, पण बोलत नव्हती. आईला कुणी माती दिली का, कुठं दिली, ते कुणालाच माहीत नव्हतं. मग बरेच महिने काही नाही. त्याच काळात अप्पा गेले. फार आजारी नव्हते. खाणं कमी होत होत गेलं आणि एका सकाळी पूजेला बसवलं ते तिथंच कलले. आम्हा लिंगायतांत जाळत नाहीत. बसवून, हातात इष्टलिंग देऊन पुरतात. ज्यांनी त्यांचं भाषण अर्धं-अर्धं फिरवलं होतं, ते दोन्हीकडचे लोक मातीला आले होते. सुभेदार खड्ड्याच्या काठाला काठी टेकून उभे होते.

त्याचा फोन त्यानंतर आला. मी अंगणात वाळवण गोळा करत होते. आवाज तुटत होता. त्यानं आधी अप्पांना फोन द्यायला सांगितलं. मी सांगितलं, अप्पा गेले. मग त्यानं विचारलं, "त्रास झाला का?" मी म्हणाले, नाही. त्यानं विचारलं, जाळलं का पुरलं. मी म्हणाले, पुरलं, आमच्यात पुरतात. हे त्याला माहीत नव्हतं. त्यानं विचारलं, माती कुणी दिली. मी म्हणाले, मी दिली, सगळ्यांनी दिली, सुभेदारांनीसुद्धा दिली.

"जागा माहीत हाय ना तुमाला, ताई?"

"माहीत आहे. इथून जवळच आहे. मी जाते तिथं."

तेव्हा तो रडायला लागला. आईची खबर आली तेव्हा रडला नव्हता, स्टेशनवर रडला नव्हता. मागं छावणीतले आवाज येत होते, भांडी, लहान मुलं, कुणीतरी त्याला हाक मारत होतं. तो रडत राहिला. मी नुसतं हो, हो म्हणत अंगणात उभी राहिले, फोन कानाला लावून, पलीकडून तो आपोआप बंद होईपर्यंत.